विकलेली खोली

माणसाला खऱ्या अर्थानं मुक्त व्हायचं असेल, तर आधी खांद्यावरचं ओझं खाली ठेवावं लागतं. वल्हांडणाचा सण आम्हा यहुद्यांना हेच शिकवतो. आमचे पूर्वज मिसरमधून निघाले, तेव्हा मळलेली कणीक फुगायचीसुद्धा त्यांनी वाट पाहिली नाही. घर, चूल, मडकी, सगळं होतं तिथं सोडलं आणि चालू पडले. त्या थोर त्यागाचं स्मरण म्हणून मखलूफ हद्दाद दरवर्षी या सणाला घरातला एक स्क्रूसुद्धा टाकू देत नसे.

किर्यत अतामध्ये, एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं घर होतं आणि त्या घराला एक मागची खोली होती. ती मुलाची, एरेझची. एरेझ लष्करात गेला त्याच आठवड्यात मखलूफनं तिथं एक पंखा तात्पुरता ठेवला. एरेझ लष्करातून सुटला, शिकला, लग्न करून बीरशेबाला राहायला गेला. पंखा अजून तात्पुरताच होता. मधल्या काळात त्याच्या सोबतीला कपडे धुण्याच्या यंत्रांच्या मोटारी आल्या, दार नसलेला एक फ्रिज आला आणि फ्रिज नसलेलं एक दार आलं. टेलिफोनच्या वायरींची भेंडोळी आली. न्हाव्याची खुर्ची आली. रस्त्यावरचा एक सिग्नल आला, त्यातला फक्त पिवळा दिवा लागे. मखलूफ बंदरावर वीजतंत्री होता. निवृत्त झाल्यावर बंदरानं त्याला एक घड्याळ दिलं, तेही बंद पडून आता त्याच खोलीत होतं.

"वस्तू मरत नाही," तो म्हणे. "माणसं तिला मारतात."

"मग तू तिचं दफन कर," त्याची बायको रुहामा म्हणे. "सोबत राहू नकोस."

रुहामा दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीत बसे. जागचं न हलणाऱ्या माणसांची तिला सवय होती. पण तिथं निदान दुपारी खिडकी बंद करता यायची.

वल्हांडणाच्या महिनाभर आधीचा पुरीमचा सण आटोपला, की आमच्या बायकांची नजर बदलते. कालपर्यंत जे घर होतं, ते आज गुन्ह्याची जागा होतं. पिठाला पाणी लागून जे जे फुगलं, ते सगळं खमीर. आणि वल्हांडणात खमिराचा कणसुद्धा घरात चालत नाही. रुहामानं कोचाची पाठ उसवून आतली बिस्किटं काढली. टीव्हीच्या रिमोटच्या बटणांमधून दात कोरायची काडी फिरवली. पुस्तकं एकेक करून पायरीवर झटकली. चपलांचे तळ ब्रशनं घासले. हे चालू असताना मखलूफ तिच्या मागून जात होता.

"मखलूफ, काय खातोयस?"

"काही नाही."

"ते काही-नाही कुरकुरतंय."

तो अंगणात गेला आणि तिथं उभा राहून उरलेलं काही-नाही संपवलं. रुहामानं अंगणही पुन्हा धुतलं.

या वर्षी मात्र प्रश्न कणांचा नव्हता, खोलीचा होता. रुहामाची आई, फोर्तुना, अक्कोला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली. हाड जुळलं, पण जिना सुटला. सध्या ती रुहामाच्या भावाकडे, अल्बेरकडे होती. आणि अल्बेरनं नेतान्यातल्या एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. रुहामाला आई स्वतःकडे हवी होती. आई कोणालाच काही म्हणत नव्हती. "जिथं ठेवाल तिथं राहीन," एवढंच तिचं म्हणणं. आमच्यात याचा अर्थ, एकेकाला बघून घेईन, असा होतो.

"रुहामा, मला 'होईल' नको," अल्बेर फोनवर म्हणाला. "'आहे' पाहिजे. नेतान्याचे लोक सणानंतर थांबणार नाहीत. आणि तिथून समुद्र दिसतो."

"आईला समुद्र बघवत नाही. ट्युनिसहून जहाजानं येताना ती सगळी वाट ओकत आली होती."

"सणाच्या पहिल्या रात्री सेदेरच्या जेवणाला आम्ही येतोच आहोत. खोली दाखव. खोलीत पलंग दाखव. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू एक शब्द न बोलताना कसा दिसतोस, ते मला बघायचंच आहे."

फोन ठेवून ती मागच्या खोलीकडे गेली. दार चार बोटं उघडलं आणि न्हाव्याच्या खुर्चीला अडलं. त्या फटीतून सिग्नलचा पिवळा डोळा तिच्याकडे बघत होता.

"मखलूफ, ही खोली रिकामी करायची. या आठवड्यात."

"करू या की."

"करू या नव्हे. तू कर. नगरपालिकेची मोठ्या कचऱ्याची गाडी सोमवारी येते."

"कचऱ्याची गाडी?" मखलूफ असा बघत राहिला, की जणू तिनं आईलाच त्या गाडीत घालायचं सुचवलं होतं. "त्यात कचरा कुठाय?"

पुढचे काही दिवस त्यानं मदत केली. मदत म्हणजे तो एकेक वस्तू उचलून दिव्याखाली धरायचा, तिचा इतिहास सांगायचा आणि परत ठेवायचा. सोमवारी इमारतीसमोर शेजाऱ्यांच्या गाद्या, कपाटं, मोडक्या खुर्च्या यांचा ढीग लागला. रुहामानं खिडकीतून पाहिलं तर मखलूफ त्या ढिगाशी उभा होता. तिला क्षणभर बरं वाटलं. मग तो एक टेबलावरचा दिवा काखेत मारून घरात आला.

"अख्खा चांगला आहे," तो म्हणाला. "फक्त वायर नाही आणि बल्ब बसत नाही."

रुहामानं हातातला फडका बादलीत टाकला. ओरडण्यासाठी तिनं तोंड उघडलं, आणि चालता चालता बुटाची उंच टाच तुटावी तसं काहीतरी तिच्या आत होऊन गेलं. ती हळू आवाजात म्हणाली, "बुधवारपर्यंत मी कुलूपवाल्याला, कचरावाल्याला आणि वकिलाला बोलावते. जो आधी येईल तो."

मखलूफनं ही धमकी गंभीरपणे घेतली. बुधवारी सकाळी तो प्रार्थनेला गेला तो जरा उशिरानं परतला, आणि आल्याबरोबर मागच्या खोलीला कुलूप घालून दारावर चिकटपट्टी मारू लागला. पट्टीवर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: विकले आहे.

"काय विकलं?"

"खोली. रब्बींना सांगून आलो. आतल्या सामानासकट."

आता हे आमच्याकडे दरवर्षी होतं. सगळंच खमीर काही जाळता येत नाही. कोणाकडे महागातली दारू असते, कोणाचं किराण्याचं दुकान असतं. मग ते एखाद्या कपाटात बंद करायचं आणि रब्बींच्या मार्फत एका बिगरयहुदी माणसाला विकून टाकायचं. सण आठवडाभर चालतो. तेवढे दिवस माल त्याचा, जागा त्याची. सण संपला की तो परत विकतो. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, तरी व्यवहार खरा असतो. आणि यातला मुख्य मुद्दा मखलूफनं बरोबर हेरला होता: जी जागा विकली, ती झाडावी लागत नाही.

"पण त्या खोलीत खमीर कुठं आहे?" रुहामा म्हणाली.

"आहे. कुसकुसचं, गव्हाच्या रव्याचं, एक पाकीट."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून," मखलूफ म्हणाला. तो खोटं कधी बोलत नसे.

रुहामा तशीच, हातमोजे न काढता, रब्बी पिन्हास यांच्याकडे गेली. प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या खोलीत रांग होती. एकेक जण पुढे होत होता, आपलं कपाट कुठं आहे ते सांगत होता, रब्बींच्या हातातला रुमाल उचलत होता, की झालं, विकायचा अधिकार रब्बींना दिला. रुहामाची पाळी आली.

"रब्बी, एका पाकिटापायी अख्खी खोली विकतात का?"

"पाकीट केवढं असावं, हे शास्त्रात सांगितलेलं नाही," रब्बी म्हणाले. ते थकलेले दिसत होते. "मी त्याला दोनदा विचारलं. खोलीतलं काय काय विकायचं? तो म्हणाला, सगळं. स्क्रूसकट."

"मला ती खोली आईसाठी हवी आहे."

"सण संपला की घ्या."

"तोवर ती नेतान्यात असेल."

"नेतान्या छान आहे. समुद्र दिसतो."

रुहामानं हातमोजे काढले. "मग मला नवराच विकायचाय. तो घ्या लिहून."

"नवरा खमिरात मोडत नाही."

"फुगलेला तर आहे."

रब्बींनी यावर खरोखर विचार केला. "आठवड्यानं परत घ्यावा लागतो," ते म्हणाले. "तेही लक्षात घ्या." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्यानंतर रुहामानं त्या दाराकडे बघायचंच सोडलं. उरलेल्या घरावर ती अशी तुटून पडली, की शेजारीण साखर मागायला आली ती दारातूनच परत गेली. भट्टी घासून तापवली. चमचे उकळत्या पाण्यात बुडवून काढले. ओट्यावर चकचकीत पत्रा अंथरला. रोजची भांडी कपाटात कोंडून कपाटाला कागद डकवला. वल्हांडणाची पातेली निघाली आणि त्यांत स्वयंपाक सुरू झाला; घरभर कोकराचा, पालकाचा आणि ब्लीचचा मिळून एक वास सुटला. सणाच्या आदल्या संध्याकाळी मखलूफनं रिवाजाप्रमाणे मेणबत्ती हातात घेऊन घरभर खमीर शोधलं. विकलेल्या खोलीपाशी आल्यावर तो थांबला, परक्या माणसाच्या दारावरून जावं तसा अदबीनं पुढे गेला.

"तिथं बघायची मला परवानगी नाही," तो म्हणाला.

 अल्बेरला काय सांगायचं, याची वाक्यं रुहामा मनात जुळवत होती. एकही जुळत नव्हतं.

सणाच्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर एका तेलाच्या पिंपात सगळ्या इमारतीनं आपापलं उरलेलं खमीर जाळलं. 'मी पाहिलेलं आणि न पाहिलेलं सगळं खमीर मातीमोल होवो,' असं म्हणायचं असतं. रुहामानं ते म्हणताना 'न पाहिलेलं'वर जरा जोर दिला. वेळ झाली. वस्तीतलं सगळं खमीर, आणि मखलूफची खोली, कायद्यानं परक्याची झाली. मखलूफ शीळ घालत घरी आला.

दुपारी रुहामानं मोठं टेबल जोडलं. पांढरी चादर अंथरली. सोळा माणसं येणार होती.

"मखलूफ, माझ्या ताटांची खोकी कुठं ठेवलीस?"

"कुठली?"

"वल्हांडणाची. आईची. मासळीच्या चित्रांची. माळा धुवायचा होता तेव्हा मी तुला दिली. म्हटलं होतं, जिथं एक कण उडणार नाही अशा जागी ठेव."

शीळ थांबली.

"मखलूफ."

"कण उडणार नाही अशीच ठेवली," तो म्हणाला.

"कुठं?"

"भिंतीतल्या कपाटात. खिडकीतून उतरलो, आणि पुढे सामान रचलं."

घरात भिंतीतलं कपाट एकच होतं. ते मागच्या खोलीत होतं. रुहामा खुर्चीवर बसली. सबंध महिन्यात ती पहिल्यांदाच बसत होती.

वल्हांडणाच्या आधी खमीर विकणारे हजारो सापडतील. खमिरासोबत वल्हांडणाची ताटंसुद्धा विकणारा, माझ्या माहितीत, एकच.

"प्लास्टिकची आणतो," मखलूफ म्हणाला. "दुकान अजून उघडं असेल. हल्ली छान मिळतात. सोनेरी काठाची."

"आणि अल्बेर येईल. आई येईल. आईच्या पुढ्यात प्लास्टिकचं ताट ठेवायचं, आणि वर म्हणायचं, आई, तू माझ्याकडे राहा, माझं घर बघ कसं चाललंय. सूप यायच्या आत तिला नेतान्याला नेतील." तिनं श्वास घेतला. "दार उघड."

"ते आता आपलं नाही."

"काय म्हणालास?"

"मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतं." पण त्याचा आवाज पडला होता. "ज्याचं आहे त्यानं परवानगी दिली पाहिजे."

"मग त्याला फोन कर."

रब्बींना फोन गेला.  ते म्हणाले, "मी दोनदा विचारलं होतं," आणि नंबर दिला.

विकत घेणारा बिगरयहुदी होता फव्वाज, दालियत गावचा, ड्रूझ पंथाचा अरब. मोठ्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. दरवर्षी रब्बी त्याच्याकडे जायचे, हातात हात द्यायचे, कॉफी प्यायचे, की वस्तीचं सगळं खमीर त्याचं व्हायचं. फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं, दुकानाचं शटर ओढलं आणि पिकअप घेऊन थेट आला. त्यानं शर्ट बदलला होता.

"माझी खोली कुठंय?" त्यानं दारातच विचारलं.

"या, दाखवते," रुहामा म्हणाली.

"फव्वाज, हबीबी, काम अगदी थोडं आहे," मखलूफ त्याच्या मागे मागे जात म्हणाला. "तीन खोकी काढायची, बस. बाकी कशाला हात लावायची गरज नाही."

"अबू एरेझ, जरा दमानं." अरबी रीतीनं मखलूफला 'एरेझचा बाप' अशी हाक मारत फव्वाज दारावरची पट्टी वाचत होता. "इतकी वर्षं मी तुम्हा लोकांचं खमीर विकत घेतोय. बायको विचारते, एवढा मोठा व्यापारी तू, कुठंय तुझा माल? मला आजवर कोणी एक बिस्किट दाखवलेलं नाही. आज पहिल्यांदा कोणीतरी म्हणतंय, या, तुमचा माल बघा. मग मला बघू दे की."

त्यानं पट्टी सावकाश सोडवली. मखलूफनं किल्ली दिली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. फव्वाजनं फटीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"यात खमीर कुठलं?"

"आत एक पाकीट आहे," मखलूफ म्हणाला.

दारातून जाणं शक्य नव्हतं, आणि असतं तरी त्या खोलीतली एकही वस्तू आपल्या धुतलेल्या घरातून जाणार नाही, असं रुहामानं सांगून टाकलं. तेव्हा फव्वाज बाहेरून वळसा घालून गेला, खिडकीची झडप उचकटली आणि शर्टाच्या बाह्या दुमडून आत उतरला. पिकअप त्यानं खिडकीखाली लावली होती.

"अंगणात ठेवू या," मखलूफ म्हणाला. "खोकी निघाली की होतं तसं परत रचू."

"अंगण धुतलंय," रुहामा म्हणाली. "अंगणात नाही."

"आणि माझा माल मी दुसऱ्याच्या अंगणात का ठेवू?" फव्वाज आतून म्हणाला. "चोर काय थोडे आहेत?" आणि त्यानं आधी पंखा खिडकीतून बाहेर, पिकअपमध्ये दिला. मखलूफ तो सावरायला धावला.

"हात लावू नकोस, अबू एरेझ. तुझा नाही तो."

मखलूफनं आयुष्यात विजेचे पुष्कळ धक्के खाल्ले होते. त्या प्रत्येक वेळी निदान आपणच बटण बंद करायला विसरलो, अशी समजूत तरी घालता यायची. यावेळीही तसंच होतं, पण ती समजूत उपयोगी पडेना.

"हे काय आहे?"

"स्टॅबिलायझर. हळू. वरची बाजू वर ठेव."

"चालतो?"

"चालेल."

"मी 'चालतो का' विचारलं."

"फ्यूज बदलला तर. आणि आतलं वेटोळं."

"म्हणजे पत्रा चालतो," फव्वाज म्हणाला आणि स्टॅबिलायझर दिला. मग मोटारी. मग दार, मग फ्रिज. सिग्नल बाहेर आला तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती. कोणीतरी विचारलं, "मखलूफ, घर सोडताय का?"

"नाही," रुहामा म्हणाली. "मिसर सोडतोय."

पिकअपच्या दोन खेपा झाल्या. मधेच फव्वाजला कुसकुसचं पाकीट सापडलं. त्यानं ते हातात धरलं, पाकिटाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, मखलूफकडे पाहिलं. मखलूफनं दुसरीकडे पाहिलं. फव्वाजनं पाकीट पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवलं. "विकत घेतला तो माल हाच," तो म्हणाला. "बाकी सगळं वेष्टण."

दुसऱ्या खेपेनंतर भिंतीतलं कपाट दिसू लागलं. तीन खोकी. फव्वाजनं एक उघडून वरचं ताट काढलं. पांढऱ्यावर निळे मासे, काठाला टवका उडालेला.

"ही कोणाची?"

"तुझी," मखलूफ म्हणाला. "मी 'सगळं' म्हटलं होतं."

फव्वाजनं ताट पालथं करून पाहिलं आणि खिडकीतून रुहामाच्या हातात दिलं. "घ्या ताई. सणाच्या दिवशी आलो आणि हात रिकामेच होते, मला लाज वाटत होती. माझ्याकडून भेट."

"माझ्याच आईची ताटं मला भेट देतोस?"

"तीन खोकी," फव्वाज म्हणाला. "मी हात आखडत नसतो."

तो गेला. खोलीत एक खिडकी, एक कपाट आणि भिंतीवर पंख्याच्या आकाराचा एक पांढरा डाग उरला. मखलूफ मधोमध उभा राहिला. त्यानं घसा खाकरला, तर खोली त्याच्यावरच खाकरली. रुहामानं त्याच्या हातात पुसणी दिली आणि त्यानं मुकाट्यानं जमीन पुसली. शेजारणीकडून पलंग आला. रुहामानं इस्त्रीची चादर घातली, उशाशी मखलूफनं ढिगातून आणलेला दिवा ठेवला. दिवा बंद होता, पण दिसायला बरा होता.

अल्बेर संध्याकाळी आला तो सरळ मागच्या खोलीत गेला. त्यानं पलंग दाबून पाहिला, कपाट उघडून पाहिलं, पडद्यामागे पाहिलं.

"सामान कुठं दडवलंस?"

"विकलं," रुहामा म्हणाली.

"कोणाला?"

"रब्बींना विचार."

अल्बेर खरोखरच एक शब्द बोलला नाही. तो कसा दिसतो, ते रुहामानं सवडीनं पाहून घेतलं. आई कोचावर बसली होती. जाऊन खोली बघ म्हटल्यावर ती म्हणाली, "बघेन. पळून जाते का?" मग सगळे टेबलाशी बसले. रुहामानं सेदेरचं तबक उचलून, आमच्या ट्युनिसच्या रीतीप्रमाणे, प्रत्येकाच्या डोक्यावरून फिरवलं. मखलूफच्या डोक्यावर ते जरा टेकलं. 'काल आम्ही गुलाम होतो, आज आम्ही मोकळे,' सगळे म्हणाले. मखलूफ पुटपुटला. जेवण झाल्यावर अल्बेर निघताना म्हणाला, "नेतान्याला मी कळवतो, नको म्हणून." आई कोचावरच पेंगत होती. उठवायला नको म्हणून रुहामानं तिच्या अंगावर पांघरूण घातलं.

सण संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पिकअपचा हॉर्न वाजला.

"रब्बींचा फोन आला होता," फव्वाज उतरत म्हणाला. "माल परत विकला. म्हटलं, तुमचा आधी आणावा."

पिकअपवर सगळ्यात वर सिग्नल होता.

"फव्वाज," रुहामा म्हणाली, "ठेव ना तुझ्याकडे. सगळंच ठेव. मी तुला लिहून देते."

"असं कसं, ताई? एकदा ठेवून घेतलं, तर पुढच्या वर्षी या वस्तीत मला कोण विकेल? माझं नाव आहे इथं." तो ओशाळून पुढे म्हणाला, "फक्त कुसकुस आम्ही खाल्लं. हे दुसरं आणलंय. आणि दुकानात एक हवा भरायचं यंत्र बंद पडलंय. म्हटलं, अबू एरेझला काही उपयोग होतो का बघू."

मखलूफ चपला न घालताच बाहेर आला होता. त्यानं यंत्रावरून हात फिरवला. "अख्खं चांगलं आहे," तो म्हणाला.

"आत काही येणार नाही," रुहामा म्हणाली. ती खिडकीला पाठ लावून उभी राहिली. "ती आईची खोली आहे. मखलूफ, तू एक वायर जरी आत टाकलीस ना, तर मी खरंच वकील आणते. मला सांग, आई कुठं झोपेल? या सिग्नलवर?"

"येऊ दे की गं ते," आतून आईचा आवाज आला. ती दिवाणखान्यात कोचावर पाय पसरून बसली होती, अंगावर पांघरूण, हातात रिमोट. "त्याचं सामान आहे, तो कुठं नेईल बिचारा? मी आहे तिथं बरी आहे."

रुहामा आत गेली. मागच्या खोलीतल्या पलंगावर इस्त्रीच्या घड्या आठवडाभर तशाच होत्या. तिनं चादर काढली, घडी घातली आणि शेजारणीला पलंग परत नेऊन दिला. मखलूफनं संध्याकाळपर्यंत खोली भरली. एवढ्या झपाट्यानं त्यानं आयुष्यात दुसरं कुठलं काम केलं नव्हतं. आई अजून त्यांच्याकडेच असते आणि कोचावर झोपते. मागच्या खोलीतून टीव्ही दिसत नाही.